वादळात शोरूमची काच फुटली: रातोरात दुकान फळ्या मारून बंद करायचा खर्च नेमका कशावर ठरतो? (नागपूर)

धरमपेठ_कापड

नमस्कार मंडळी. दुकान तळमजल्यावर आहे. दर्शनी बाजूला १२ मिलिमीटरची टफन (भट्टीत तापवून कडक केलेली) काच होती, उघडं तोंड १० फूट रुंद आणि ९ फूट उंच. काल संध्याकाळच्या वादळात शेजारच्या फ्लेक्सचा लोखंडी सांगाडा येऊन आदळला आणि सगळी काच खाली आली. बाहेर शटर नाही. आत कपड्याचा माल आहे, नवी काच यायला काही दिवस लागतील असं दिसते.

दोघांकडून भाव घेतला. एकाने चौरस फुटाचा दर सांगितला, दुसऱ्याने ठोक रक्कम सांगितली आणि ती जवळपास दुप्पट निघते. दोघंही "फळ्या मारून देतो" एवढंच सांगून राहिले. एवढा फरक काहून पडतो? भाव ठरवताना काय काय विचारायचं?

---

प्लाय_बल्ली_लाकडगंज

भाऊ, या कामात चौरस फुटाचा दर फसवा असतो. ९० चौरस फुटांचं तोंड आणि ८० चौरस फुटांचं तोंड यांत क्षेत्रफळाचा फरक थोडा, सामानाचा फरक बराच. तुमच्याच मापावर बघा.

प्लायची शीट ८ बाय ४ फूट येते. तोंड १० बाय ८ असतं तर तीन शीट उभ्या लावल्या की १२ फूट रुंदी मिळाली असती. दोन्ही बाजूंना एकेक फूट भिंतीवर चढलं असतं आणि एकही शीट कापावी लागली नसती. तुमची उंची ९ आहे. वरच्या एका फुटासाठी चौथी शीट आणावी लागते, ती १६ इंची पट्ट्यांत फाडावी लागते, पट्ट्यांच्या मागे आणखी एक आडवी चौकट द्यावी लागते. एका फुटासाठी एक शीट, कापणी आणि तासभर जास्तीची मजुरी. चौरस फुटाने भाव देणारा हे एक तर दरात लपवतो, नाही तर वरचा फूट ताडपत्रीने झाकून मोकळा होतो. म्हणून दर विचारू नका, नग आणि तास विचारा: किती शीट, किती मिलिमीटर, कोणत्या प्रतीच्या, मागे लाकूड किती घनफूट, अँकर (भिंतीत भोक पाडून कसायचे बोल्ट) किती, माणसं किती आणि किती तास.

तुमच्या कामाला साधारण असं सामान लागेल. १२ मिलिमीटरच्या ४ शीट. ३ बाय २ इंची लाकडाच्या चार आडव्या पट्ट्या, प्रत्येकी १२ फूट, म्हणजे ४८ फूट. हिशेब बरोबर २ घनफूट होतो, लाकडगंजात, म्हणजे लाकूडबाजारात, याच मापाने भाव सांगतात. दोन्ही कडांना उभ्या पट्ट्या, त्यांना दीड फुटावर एक १० मिलिमीटरचा अँकर, म्हणजे बाजूला ७ आणि दोन्हीकडचे १४. लाकडात मारायचे दीड इंची स्क्रू शंभराच्या आसपास. प्लायच्या वरच्या पट्ट्या खालच्या शीटवर बाहेरून चढवायच्या, कौलं चढवतात तशा, नाही तर पावसाचं पाणी सांध्यातून थेट आत येते.

प्लायची प्रत हा खर्चातला दुसरा मोठा भाग. साधी एमआर प्लाय (थोडाच ओलावा सोसणारी) स्वस्त, पण पावसात तिच्या कडा फुगतात आणि थर सुटतात. चार-पाच दिवसांचं काम असेल आणि कडांना प्रायमर मारला तर चालते. जून ते सप्टेंबर असेल किंवा महिनाभर राहणार असेल तर शटरिंग प्लाय (स्लॅबच्या साच्याला वापरतात ती) घ्या, तिच्यावर फिल्म असते, पाणी धरत नाही, आणि नंतर सेंट्रिंगवाला वापरलेलीसुद्धा विकत घेतो. शीट जितकी कमी कापाल तितके पैसे परत येतात. १८ मिलिमीटर घेतली तर एक शीट ३५ किलोच्या पुढे जाते, तिला धरायला एक माणूस वाढतो. तळमजल्यावर चोरीचा धोका जास्त असेल तरच ती घ्यावी.

आता ठोक रक्कम दुप्पट का, तर बहुतेक त्याने मागचे टेकू धरले असतील आणि पहिल्याने धरले नसतील. नागपूरसाठी वाऱ्याचा मूळ वेग आयएस ८७५ या बांधकामांवरच्या भारांच्या भारतीय कोडमध्ये सेकंदाला ४४ मीटर धरला आहे. त्याचा दाब चौरस मीटरला ११८ किलोच्या आसपास येतो, म्हणजे एका पूर्ण शीटवर साडेतीनशे किलो. तात्पुरत्या कामासाठी आणि दाट वस्तीसाठी कोडमध्ये सूट आहे, ती धरली तर आकडा निम्म्याच्या खाली येतो. तरी एका शीटवर दीडशे किलो राहतातच. १० फूट लांबीची ३ बाय २ ची पट्टी मध्ये आधार नसेल तर तेवढ्याला वाकते, सांधा उघडतो आणि वारा आत शिरला की शीट बाहेर उडते. शीटच्या दोन्ही सांध्यांवर, म्हणजे तोंडाच्या कडेपासून तीन आणि सात फुटांवर, उभे टेकू हवेतच. टेकू नसलेलं काम स्वस्त पडते, पण पुढच्या वादळात तीच शीट रस्त्यावरच्या माणसाच्या अंगावर जाते.

खिळ्यांचं काम घेऊ नका. वारा फळीला नुसता ढकलत नाही, बाहेरही ओढतो, आणि खिळा सरळ उपसून येतो. काळे जिप्समचे स्क्रूही नको, ते कडक असतात आणि झटक्याने डोक्याखाली तुटतात.

---

काचकाम_सीए_रोड

वरचं सगळं बरोबर. पण फळी लागायच्या आधी काचेचं माप घेऊन ठेवा, हे कोणी सांगत नाही आणि यातच दुप्पट खर्च होतो. टफन काच भट्टीतून निघाल्यावर कापता येत नाही, भोक पाडता येत नाही. पॅच फिटिंगची (काचेला धरणाऱ्या धातूच्या पट्ट्यांची) भोकं, लॉकची खाच, सगळं आधीच मापून कळवावं लागते. फळ्या मारल्यावर काचवाला माप घ्यायला आला तर एक शीट काढून पुन्हा बसवावी लागते, आणि त्याची मजुरी वेगळी.

माप असं घ्या: रुंदी वर, मध्ये आणि खाली, उंची डावीकडे, मध्ये आणि उजवीकडे, मग दोन्ही कर्ण. कर्णांत फरक असेल तर चौकट काटकोनात नाही, ते कागदावर लिहून द्या. खाली फ्लोअर स्प्रिंग (दरवाजा आपोआप बंद करणारी, जमिनीत बसवलेली) असेल तर तिच्या खड्ड्यातले काचेचे कण ब्रशने काढा, नाही तर नवा दरवाजा अडकत चालेल. काचेचा शिक्का असलेला तुकडा सापडला तर जपून ठेवा, जाडी आणि प्रकार दोन्ही त्यावरून कळतात.

सफाई वेगळी लिहून घ्या. १२ मिलिमीटर काच चौरस मीटरला ३० किलो भरते. तुमचं तोंड ८.३६ चौरस मीटर आहे, म्हणजे सुमारे २५० किलो काच जमिनीवर आहे. सिमेंटच्या पोत्यात २५ किलोपेक्षा जास्त भरू नका, पोतं फाटते आणि उचलणाऱ्याच्या पायाला लागते. दहा पोती झाली. ती कोण उचलणार, कुठे टाकणार, गाडीभाडं कोणाचं, हे भावात नसेल तर पोती तुमच्या दारात राहतात.

टफन काचेचे बारीक दाणे होतात, त्यामुळे सफाई वेळखाऊ असली तरी तशी कमी धोक्याची. साधी काच असेल तर लांब सुळे बीडिंगमध्ये (काच धरणाऱ्या पट्टीत) अडकून राहतात. ते वरून खाली काढत यायचं, खालून सुरुवात केली तर वरचा तुकडा मनगटावर पडतो. साध्या काचेला मजुरी जास्त लागते ती यासाठी.

आणि शेजारची काच वाचली असेल तर तिच्या कडा बोट न लावता टॉर्चने तपासा. टफन काचेच्या कडेला टवका उडाला असेल तर ती नंतर कधीही, उन्हात तापल्यावरही, आपोआप फुटू शकते. तशी असेल तर तीही फळीमागे घ्या, आताच.

---

धरमपेठ_कापड

खूप आभार. काही गोष्टी सांगायच्या राहिल्या. दोन्ही खांबांना ग्रॅनाइट लावलेलं आहे आणि घरमालक त्याला भोक पाडू देत नाही. आत पीओपीचं छत आहे. वर पहिल्या मजल्यावर गोदामाची एक खिडकीही फुटली आहे, ४ बाय ४ ची. आज रात्रीच करावं की उद्या सकाळी?

---

प्लाय_बल्ली_लाकडगंज

ग्रॅनाइटने खर्चाचं गणित बदलते, भाऊ. ग्रॅनाइटला अँकर मारायचा तर हातोडी बंद ठेवून नुसत्या फिरत्या ड्रिलने, पाणी सोडत, हळू भोक पाडावं लागते. हातोडीवर चालवलं की तडा थेट कोपऱ्यापर्यंत जातो आणि अख्खी पाटी बदलावी लागते. शिवाय ग्रॅनाइटच्या मागे बऱ्याचदा पोकळी असते, म्हणजे अँकर काँक्रीटपर्यंत पोचायला १०० ऐवजी १२५ किंवा १५० मिलिमीटर लांबीचा घ्यावा लागतो.

भोक पाडायचंच नसेल तर सेंट्रिंगवाल्याकडून लोखंडी जॅक (उंची कमी-जास्त करता येणारे खांब) भाड्याने आणा, आपल्याकडे ते रोजाने मिळतात. चार जॅक: दोन कडांना, दोन सांध्यांवर. जमीन आणि स्लॅब किंवा बीम यांच्यामध्ये घट्ट कसायचे. इथे तुमचं पीओपी आडवं येते. जॅक पीओपीवर टेकवला तर तो काहीच धरत नाही, छत तेवढं फोडतो. जॅकच्या जागी पीओपीला हातभर रुंद चौकोन कापून वर बीमपर्यंत न्यावा लागेल. दरवाजाच्या वरचं बीम पीओपीच्या पुढे, काचेच्या रेषेतच असेल तर कापायची गरज नाही, आधी ते बघा. जॅकच्या खाली-वर लाकडाचा तुकडा द्या, फरशी फुटत नाही. आडव्या पट्ट्या जॅकला यू-बोल्टने बांधायच्या. नुसती बाइंडिंग वायर रात्रीपुरती ठीक, आठवडाभर नको, वाऱ्याच्या हलण्याने ती सैल होते.

पहिल्या मजल्याची खिडकी लहान आहे, पण तिचा खर्च खालच्या मानाने जास्त वाटेल, कारण उंची. बाहेरून लावायची तर शिडीवर एक माणूस, खाली शिडी धरायला एक, आणि हवेत शीट उचलायची म्हणजे वारा असताना काम होतच नाही. ती आतून करा. प्लाय ४ फूट ८ इंच बाय ४ फूट ८ इंच हवी, म्हणजे एका शीटमध्ये बसत नाही, दोन तुकडे जोडावे लागतात. त्यापेक्षा खिडकीच्या कोनाड्यात चौकटीच्या आतल्या बाजूने ४ बाय ४ चा तुकडा बसवा आणि मागे भिंतीवर दोन पट्ट्या आडव्या मारा. अर्धी शीट उरते, तीच खाली दुकानाच्या वरच्या पट्टीत वापरा: तुमच्या १० फुटांच्या पट्टीला १६ इंच रुंदीचे ८ फुटांचे दोन तुकडे लागतात. अर्ध्या शीटमधून ४ फुटांचे तीन निघतात, म्हणजे १२ फूट भागतात. एकूण खरेदी ४ शीटच राहते. एकाच माणसाला दोन्ही काम द्या, गाडीभाडं आणि येण्याची कमीत कमी रक्कम एकदाच लागते.

आज की उद्या: रात्री बाजार बंद असतो, त्यामुळे कामवाला स्वतःकडचं सामान लावतो आणि त्याचा भाव तो म्हणेल तो. वादळाच्या रात्री सगळीकडून फोन जातात, मजुरीही रात्रपाळीची लागते. प्रादेशिक हवामान केंद्राचा पुढच्या तीन तासांचा इशारा बघा. विदर्भात वादळी वाऱ्याचा इशारा नसेल तर आज ताडपत्री, एक चौकीदार आणि माल मागच्या खोलीत, आणि सकाळी व्यवस्थित काम. इशारा असेल तर ताडपत्री लावू नका, ती शिडासारखी फुगून दोऱ्यांसकट जाते. मग आजच फळी, दर जास्त पडला तरी.

भावात काढणीही लिहून घ्या. लावताना स्वस्त सांगून काढताना अर्धी रक्कम मागतात.

---

विमा_पाहणी_विदर्भ

दादा, दुकानाचा विमा असेल तर काहीही हलवण्याआधी फोटो: रस्त्यावरून पूर्ण दर्शनी भाग, मग आतून, मग सांगाडा जिथे पडला आहे तिथून, आणि ओला झालेला माल. कंपनीला लगेच कळवा आणि दाव्याचा क्रमांक घ्या. फळ्या मारायला सर्व्हेअरची (नुकसान पाहून ठरवणाऱ्याची) वाट पाहायची नसते. नुकसान वाढू नये म्हणून वाजवी काळजी घेणं ही विमाधारकाचीच जबाबदारी आहे. पण काचेचा मलबा सर्व्हेअर बघेपर्यंत एका कोपऱ्यात ठेवा, किंवा तो फेकायची लेखी परवानगी घ्या.

१ एप्रिल २०२१ पासून घरांसाठी भारत गृह रक्षा आणि लहान व्यवसायांसाठी भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा या ठरावीक शब्दांच्या पॉलिसी आहेत. सूक्ष्म उद्यमची मर्यादा एका ठिकाणी ५ कोटींपर्यंतची मालमत्ता. वादळ त्यात येते. मलबा हटवण्याचा खर्च दाव्याच्या रकमेच्या २ टक्क्यांपर्यंत मिळतो. आणखी एक कलम दुकानदारांनी नीट वाचावं: वादळासारख्या विम्यातल्या घटनेमुळे, त्या घटनेपासून ७ दिवसांत झालेली चोरी धरली जाते. आठव्या दिवशी उघड्या तोंडातून माल गेला तर तो यात बसत नाही, त्याला घरफोडीचा वेगळा विमा लागतो. काच यायला दहा-बारा दिवस लागणार असतील तर पक्क्या फळीवर केलेला खर्च कुठे कामी येतो ते यातून कळेल.

बिल "फळ्या मारण्याचे काम, ठोक" असं घेऊ नका. शीटची जाडी आणि नग, लाकूड, अँकर, जॅकचं भाडं किती दिवस, मजूर आणि तास, रात्रीची वेळ, मलबा, जीएसटी, प्रत्येकाची वेगळी ओळ. ठोक बिलात वाजवी किती आणि वाढीव किती ते आम्हाला ठरवता येत नाही, आणि मग कपात होते.

भाडेकरू असाल तर बघा की काच कोणी बसवली होती. तुम्ही बसवली असेल तर ती तुमच्या पॉलिसीत फर्निचर-फिटिंगमध्ये धरलेली असायला हवी.

---

शटर_वेल्डिंग_इतवारी

वादळाऐवजी चोरीने उघडं पडलेलं दुकान असेल तर क्रम उलटा असतो, म्हणून लिहितो.

आधी ११२, मग पंचनामा आणि बोटांचे ठसे, मग कामवाला. कामवाल्याला आधी बोलावून दोन तास रस्त्यावर उभं ठेवलं तर त्या दोन तासांचे पैसे लागतात आणि ते रास्त आहेत.

शटर बहुतेक वेळा मधूनच उचकटतात. दोन्ही बाजूंची कुलपं धरून राहतात, मधली खालची पट्टी वाकते आणि माणूस आत सरकतो. खालची पट्टी आणि एक-दोन पाती वाकली असतील तर पूर्ण शटर बदलायची गरज नाही. ४० बाय ४० बाय ५ चा अँगल खालच्या पट्टीला आडवा वेल्ड करायचा, १० फुटाला साधारण ९ किलो वजन होते, आणि मध्ये जमिनीला तिसरं कुलूप. पाती गाइडमधून बाहेर आली असतील तर मोटर किंवा हाताने ओढू नका. वरच्या दांड्यावर स्प्रिंगला पीळ असतो, तो अचानक सुटला तर हात मोडतो. तशा वेळी शटर आहे तिथेच ठेवून बाहेरून पत्रा आणि चौकोनी पाइपची चौकट लावणं बरं.

वेल्डिंगने खर्च वाढतो तो नुसत्या कारागिराचा नाही. वीज बंद केली असेल तर जनरेटर भाड्याने, आणि कपडा, कागद, थर्माकोल असं काही असेल तर ठिणगी अडवायला ओलं पोतं, पाण्याची बादली, अग्निशामक नळकांडं, आणि काम संपल्यावर अर्धा तास थांबून वास आणि धूर बघणारा माणूस. कापड दुकानात मी म्हणेन वेल्डिंग टाळा, अँकर आणि बोल्टवर काम करा.

धरमपेठवाल्या भाऊंना एक: दर्शनी भागावर चमकता बोर्ड असेल तर त्याची वायर काचेच्या चौकटीच्या वरून जाते. ड्रिल लावण्याआधी त्याचा एमसीबी पाडा. बाहेरची तार लोंबत असेल तर हात न लावता १९१२ वर महावितरणला कळवा.

---

महाल_जुना_वाडा

याच धाग्यात विचारतो. जुना वाडा, चुन्यातली विटांची भिंत, सागवानी चौकटी. फांदी पडून रस्त्याकडची खिडकी तुटली, ३ बाय ५ फूट. दोन-तीन महिने बंद ठेवायची आहे. गल्लीत छोटा हत्तीही शिरत नाही.

---

प्लाय_बल्ली_लाकडगंज

चुन्याच्या भिंतीत अँकर मारू नका जी. अँकर फुगून पकड घेतो, आणि चुन्याची वीट फुगवटा सहन करत नाही, अख्खी सैल होते. सागवानी चौकटीतही स्क्रू नको, ती पुढे वापरायची आहे.

दोन्हीकडून कवटाळणारी पद्धत करा. बाहेर १२ मिलिमीटर शटरिंग प्लाय, ३ फूट ६ इंच बाय ५ फूट ६ इंच, चारही बाजूंना भिंतीवर ३ इंच चढेल. आत ३ बाय २ ची दोन आडवी लाकडं, प्रत्येकी ४ फूट ६ इंच, म्हणजे भिंतीवर दोन्हीकडे ९ इंच टेकतील. प्लाय आणि आतलं लाकूड यांच्यात १० मिलिमीटरचे गोल डोक्याचे चार बोल्ट, डोकं बाहेर, नट आत. बाहेरून पान्याला धरायला काही मिळत नाही. बोल्टची लांबी भिंतीची जाडी अधिक ४ इंच धरा. जुन्या भिंती १८ इंची, कधी त्याहून जाड असतात, तयार बोल्ट मिळत नाहीत, तिथे आट्यांची सळई कापून घ्यायची आणि बाहेरच्या टोकाला डोमनट (घुमटासारखा बंद नट) वेल्ड करून आणायची. दोन्हीकडे मोठे वॉशर द्या. नट बेताने कसा, जास्त कसला तर बाहेरची वीट दबून सुटते. भिंतीला एकही भोक पडत नाही, आणि काढणी अर्ध्या तासाची.

गल्लीसाठी शीट दुकानातच मापात कापून घ्या. मोठ्या रस्त्यापासून हमालीने आणायला तेवढी एकच पाटी राहते, पूर्ण शीट वळणावर अडते.

तीन महिने म्हणजे हवेची सोय लागते. प्लायमध्ये वर आणि खाली दोन-दोन भोकं, एक इंची, आतून मच्छरजाळी, आणि भोकं बाहेरच्या बाजूला थोडी खाली उतरती पाडा म्हणजे पाणी आत येत नाही. हवा नसेल तर पावसाळ्यात खोलीत बुरशी धरते आणि सागवानाच्या चौकटीखाली वाळवी चढते. प्लायची खालची कड फरशीला किंवा माळवदाच्या कडेला टेकू देऊ नका, अर्धा इंच मोकळी ठेवा.